आयटमचे संच बांधून बाथरूमचा अंदाजखर्च : कामाच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२५

पितृपंधरवडा लागला. या दिवसांत पुण्यात नवीन काम कोणी काढत नाही आणि नवरात्र बसलं की प्रत्येकाला दिवाळीच्या आत घर तयार हवं असतं. कोटेशन काढायची एक्सेलसारखी शीट करायची तर आत्ताच.

माझं काम फ्लॅटच्या दुरुस्तीचं : बाथरूम, ओटा, फरशी, रंग. आतापर्यंत कोटेशन म्हणजे मागचं कोटेशन उघडायचं, नाव-पत्ता बदलायचा आणि आकडे जरा वर सरकवायचे. मागच्या घरात जे नव्हतं ते पुढच्या कोटेशनमधून हमखास सुटतं. गेल्या वर्षी एका घरी एक्झॉस्ट फॅनचं भोक सुटलं. टाइल लागून झाल्यावर कोअर कटिंगवाला बोलवावा लागला, दोन टाइल तडकल्या, आणि ती टाइल कंपनीने बंद केलेली.

म्हणून आता सुटे आयटम लिहायचे नाहीत, संच बांधायचे. ‘बाथरूम गिलावा’ म्हटलं की सिमेंट, क्रश सँड, जाळी, गवंडी, हेल्पर, माल वर चढवणं, पाणी मारणं हे सगळं एका दावणीला. माप टाकलं की संच आपोआप उलगडला पाहिजे.

आधी एका परदेशी सॉफ्टवेअरमधले तयार संच पाहिले. भिंतीचा संच उघडला तर आत लाकडी चौकट आणि जिप्सम बोर्ड. बाथरूमच्या संचात कोबा (फरशीखालची सिमेंटची भर) नाही, नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जिथून जातं ती जाळीखालची कुंडी) नाही, तिसऱ्या मजल्यावर डोक्यावरून जाणारी वाळू तर नाहीच नाही. आयटम आपल्या कामाचे नव्हते. पण प्रत्येक आयटम कुठल्या ना कुठल्या मापाला बांधलेला होता, ती रचना उचलली.

१० सप्टेंबर

बाथरूमचे आठ संच झाले : तोडफोड व राडारोडा, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग व कोबा, गिलावा, टाइल, इलेक्ट्रिक, फिटिंग बसवणं, दार आणि ग्रॅनाइटची फ्रेम. नळ, कमोड, शॉवर ग्राहक स्वतः आणतो. तो भाग संचात घेतलाच नाही, कारण त्या दुकानात माणूस किती खर्च करेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

प्रत्येक आयटमपुढे एक अक्षर ठेवलं. ‘फ’ म्हणजे फरशीचं क्षेत्रफळ, ‘भ’ भिंतीचं, ‘प’ परिमिती, ‘न’ नग, ‘क’ कामामागे एकदाच. खोलीची लांबी, रुंदी, टाइलची उंची आणि दाराचं माप टाकलं की बाकी शीट काढते. दर वेगळ्या पानावर, संचात फक्त त्यांचा दुवा.

हे अक्षर ठरवण्यातच सगळा वेळ गेला आणि तो गेला ते बरंच झालं. उदाहरणार्थ टेम्पो. पहिल्यांदा तो ‘फ’ला बांधला होता, म्हणजे छोट्या बाथरूमला पाऊण टेम्पो येत होता. पाऊण टेम्पो कुठे मिळतो?

१२ सप्टेंबर

सिंहगड रोडला उन्हाळ्यात केलेल्या एका बाथरूमची बिलं फाइलमध्ये होती. त्याच खोलीची मापं नव्या संचांत टाकून पाहिली. शीट म्हणाली ७१,०००. प्रत्यक्ष खर्च ९४,०००.

एकेक संच बिलांशेजारी ठेवला तेव्हा फरक दोनच ठिकाणी सापडला.

पहिलं, वॉटरप्रूफिंग. केमिकल कोटिंग मी ‘फ’ला बांधलं होतं. पण कोटिंग फरशीवर थांबत नाही. चारी बाजूंनी निदान फूटभर वर जातं आणि शॉवरच्या कोपऱ्यात सहा फुटांपर्यंत. ७ फूट बाय साडेचार फुटांच्या खोलीचा हिशेब मांडते, कारण जुन्या इमारतींत हेच माप वारंवार भेटतं. फरशी ३१.५ स्क्वेअर फूट. परिमिती २३ फूट, फूटभर उंचीचा पट्टा धरला की आणखी २३. शॉवरच्या तीन बाजू मिळून साडेदहा फूट, त्यावर उरलेली पाच फूट उंची, म्हणजे ५२.५. एकूण १०७. मी धरले होते ३१.५. तिपटीहून जास्त फरक, आणि गळती नेमकी या सुटलेल्या भागातूनच होते.

दुसरं, किमान हजेरी. इलेक्ट्रिशियन दोन पॉइंटसाठी आला तरी त्याचा दिवस जातो. पॉइंटमागे दर गुणून ७०० रुपये दाखवायचे आणि द्यायचे मात्र दिवसाचे. आता मजुरीच्या प्रत्येक ओळीला ‘किमान’चा रकाना आहे आणि मॅक्स फॉर्म्युला दोन्हींतला मोठा आकडा उचलतो. मोठ्या कामात हा रकाना झोपलेला असतो. एकाच बाथरूमच्या कामात सगळा खेळ त्याचाच.

१६ सप्टेंबर

सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची घेऊन बसले. बरेच जण त्यातले दर उचलतात आणि मग फसतात. ते दर मोठ्या सरकारी कामांचे, बहुतेक नव्या बांधकामाचे. शंभर चौरस मीटर भिंत सलग गिलावणं वेगळं आणि कमोडच्या मागची बोळकांडी गिलावणं वेगळं. केंद्राच्या बांधकाम खात्याच्या, म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या दर-विश्लेषणात माल आणि मजुरी मांडून झाल्यावर पाण्याचा १ टक्का आणि ठेकेदाराचा नफा-वरखर्च म्हणून १५ टक्के धरतात. लाखभराच्या कामाला तेवढ्यात पेट्रोलसुद्धा निघत नाही. मी २० धरते.

पण दरसूचीतली आयटमची वर्णनं मात्र सोन्यासारखी आहेत. ‘...यासह’ म्हणून जी लांबलचक यादी असते, ती म्हणजे कोणीतरी भांडणं मिटवून-मिटवून लिहिलेली. परांची, पाणी मारणं, कोपरे, माल नेण्या-चढवण्याचं अंतर, सगळं त्यात. ती वाचत माझे संच तपासले. गिलाव्याच्या संचात जुन्या आणि नव्या भिंतीच्या सांध्यावरची जाळी नव्हती, ती घातली.

वजावटीचा नियम आयएस १२०० मधून, म्हणजे बांधकामाची मापं कशी घ्यायची त्याच्या भारतीय मानकातून घेतला : अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही. २ बाय दीड फुटांचा झरोका म्हणजे ०.२८ चौरस मीटर, वजावट नाही. त्याच्या कडा करण्यात गवंड्याची तेवढी मजुरी जातेच.

एककांचा घोळ इथेच निस्तरला. दरसूची चौरस मीटरमध्ये, दुकानदार स्क्वेअर फुटांत, गवंडी ब्रासमध्ये. त्यात वाळूचा ब्रास १०० घनफूट आणि गिलाव्याचा ब्रास १०० स्क्वेअर फूट. शीटमध्ये दोन्ही नुसतेच ‘ब्रास’ होते, त्यामुळे एका बाथरूमला दीड ब्रास वाळू येत होती. ट्रकच उभा राहिला असता दारात. १२ मिमी जाडीच्या १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) गिलाव्याला ब्रासमागे साधारण एक पोतं सिमेंट आणि पाच-साडेपाच घनफूट वाळू लागते, तेच आता धरलं आहे.

१९ सप्टेंबर

टाइलचा संच. बाजारात जिला ‘१२ बाय १८’ म्हणतात ती असते ३०० बाय ४५० मिमी. सहा टाइलचा डबा आपण तोंडाने ९ स्क्वेअर फूट धरतो, भरतो ८.७२. वरच्याच खोलीत सात फूट उंचीपर्यंत टाइल, दार वजा जाता भिंत १४३.५. त्यावर १० टक्के तूट धरली की १५७.८५. नऊने भागलं तर १८ डबे, ८.७२ ने भागलं तर १९. शेवटच्या दिवशी एक डबा कमी पडणं म्हणजे फिटरची हजेरी, रिक्षा आणि शेड जुळेल का ही धाकधूक. आता डब्यावर छापलेलं क्षेत्रफळच टाकते आणि राऊंडअप लावते.

आणखी एक. सात फूट म्हणजे २१३४ मिमी. टाइल आडवी लावली तर ३०० चे सात थर आणि मधल्या २ मिमीच्या फटी मिळून २११२. वर २२ मिमीची चिंधी उरते. ती भरायला आठवा थर कापायचा म्हटला तर जवळजवळ अख्खा थर वाया. शीटमध्ये आता टाइलची उंची फुटांत टाकायचीच नाही, थरांत टाकायची. सात थर लिहिले की ग्रॅनाइट फ्रेमची उंची त्याला जुळवून येते.

२३ सप्टेंबर

कालपासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. दरांच्या पानावर एक आकडा बदलला की सगळे संच खाली येतील या आनंदात शीट उघडली. तीन संच हललेच नाहीत. त्यांत दर थेट हाताने टाइप केलेला होता, दुवा नव्हता. ते दुरुस्त केलं.

त्याच ओघात मोठी गोष्ट हाती लागली. माझी जीएसटी नोंदणी आहे. मी ग्राहकाला १८ टक्के लावते आणि मालावर भरलेल्या कराचं क्रेडिट घेते, म्हणजे तो कर मला वळता मिळतो. म्हणजे संचात दर कराविना हवेत. मी दुकानाच्या बिलाचा शेवटचा आकडा टाकला होता, पोतं ३८०. त्यात २८ टक्के कर होता, मूळ किंमत २९७. म्हणजे करावर पुन्हा नफा आणि पुन्हा कर लागत होता. कोटेशन फुगत होतं आणि वर मला वाटायचं, आपले दर बाजाराशी का जुळत नाहीत. करकपातीने पोतं ३५० ला आलं तरी माझा खरा खर्च २९७ च आहे.

ज्यांची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे आणि नोंदणी नाही, त्यांनी उलट करायचं. त्यांना क्रेडिट नाही, त्यांनी करासकटच दर टाकावेत. शीट दुसऱ्याकडून घेतलीत तर आधी एवढं विचारा.

२८ सप्टेंबर

पहिलं खरं काम. कोथरूड, १९९४ ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट आहे पण मालाला बंदी. बाथरूम तेच, ७ बाय साडेचार. खालच्या घरात छताला ओल, म्हणून सन्क (बाथरूमच्या फरशीखालचा, भर घातलेला खोलगट भाग) पूर्ण खोदून नवा कोबा करायचं ठरलं. सोसायटीत दुपारी १ ते ४ ठोकाठोक बंद, त्यामुळे तोडफोडीची हजेरी वाढवून धरली.

संचांचे आकडे : तोडफोड ११,५००. प्लंबिंग १९,०००. वॉटरप्रूफिंग व कोबा १६,८००. गिलावा ७,४००. टाइल २७,५००. इलेक्ट्रिक ६,४००. फिटिंग बसवणं ५,५००. दार-फ्रेम १४,०००. बेरीज १,०८,१००. २० टक्के धरून १,२९,७२०, वर जीएसटी.

घरच्या काकूंनी चष्मा लावून पूर्ण कागद वाचला. दरवेळी माझ्या कोटेशनमध्ये शेवटी ‘इतर’ म्हणून एक ओळ असायची. यात ती नाही हे पाहून म्हणाल्या, “आधीच्या दोघांच्या कागदावर ‘इतर’ पंधरा हजार होतं. विचारलं तर म्हणाले, असतं काकू असं.” काम मला मिळालं ते बहुतेक ती ओळ नसल्यामुळे. आकडा माझाच सर्वांत जास्त होता.

३ ऑक्टोबर

काल दसऱ्याला नारळ फोडला, आज तोडफोड. जुनी टाइल सिमेंटच्या जाड थरावर बसवलेली, निघताना गिलाव्याची ढेकळंही घेऊन निघाली. ते अपेक्षित होतं.

६ ऑक्टोबर

राडारोडा. संचात ३० गोण्या होत्या, जिन्यात रचून झाल्या ७० च्या आसपास.

घरी येऊन फॉर्म्युला पाहिला. गोण्या मी ‘फ’ आणि ‘भ’ला बांधल्या होत्या, म्हणजे क्षेत्रफळाला. टाइल काढण्याच्या कामात ते चालतं. सन्क खोदायची तर ती किती खोल आहे ते मोजायला हवं. फूटभर खोल सन्क म्हणजे ३१.५ घनफूट कोबा. भिंतीवरून निघालेली टाइल आणि मसाला सरासरी ३० मिमी, म्हणजे आणखी चौदा घनफूट. बेरीज ४५-४६. आणि फोडलेला माल फुगतो. घट्ट बसलेला दीडपट झाला की ७० च्या जवळ, आणि गोणीत जेमतेम घनफूटभरच भरते, जास्त भरली तर उचलवत नाही.

चाळीस गोण्या जास्तीच्या, तीन मजले उतरवायला गोणीमागे ४० प्रमाणे १,६००. पिकअपची दुसरी फेरी २,७००. बिगाऱ्यांच्या दोन हजेऱ्या १,५००. एकूण ५,८००. ‘ख’ म्हणून नवं अक्षर वाढवलं, सन्क किती खोल त्यासाठी. सन्क नसेल तिथे शून्य टाकायचं.

९ ऑक्टोबर

प्लंबरने सीपीव्हीसीच्या (प्लास्टिक पाइपच्या) लाइनी टाकल्या, पंप लावून दाब बघितला, ठीक. मग तो गेला. भिंतीतल्या खाचा उघड्याच.

मी प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, “ताई, झिरी मारणं आमचं, बुजवणं गवंड्याचं.” गवंड्याला विचारलं तर त्याचं म्हणणं, गिलाव्याचा दर सपाट भिंतीचा ठरलाय, इथे आधी खाचा भरून जाळी मारायची आहे. दोघंही बरोबर. प्लंबिंगच्या संचात खाच मारण्यापर्यंतचं होतं, गिलाव्याचा संच सपाट भिंतीपासून सुरू होत होता, आणि मधलं काम कोणाच्याच कागदावर नव्हतं. २,२०० रुपये.

हे पाहिल्यावर रात्री आठही संच शेजारी-शेजारी मांडले आणि प्रत्येक जोडीत विचारलं : पहिला माणूस जाताना खोली कशी ठेवून जातो आणि दुसऱ्याला ती कशी हवी असते? तिथेच बाकीची भोकं दिसली. नहाणी ट्रॅप बसवणं प्लंबरकडे, पण त्याच्या भोवती गोलाई करून कोटिंग घेणं वॉटरप्रूफिंगवाल्याकडे, आणि ट्रॅपची जाळी टाइलच्या लेव्हलला आणणं फिटरकडे. तिघांच्याही संचात ‘ट्रॅप’ लिहिलेला होता, म्हणून दिसायला सगळं भरलेलं. फ्रेम आणि टाइल यांच्यामधली सिलिकॉनची रेघ कोणाकडेच नाही. गीझरच्या लाइनीची खाच प्लंबरने आणि इलेक्ट्रिशियनने वेगवेगळी मारली, शेजारी-शेजारी.

आता प्रत्येक संचाच्या डोक्यावर दोन ओळी आहेत : ‘हातात येताना’ आणि ‘हातातून जाताना’. मागच्या संचाची दुसरी ओळ पुढच्याच्या पहिल्या ओळीशी जुळली नाही तर मध्ये आयटम लिहायचा. सगळ्या शीटमधलं सर्वांत उपयोगी काम हेच झालं आणि त्याला एकही फॉर्म्युला लागला नाही.

११ ऑक्टोबर

कोटिंग सुकल्यावर काल संध्याकाळी गळती तपासायला पाणी साठवलं. भिंतीवर पाण्याच्या काठाशी पेन्सिलने रेघ मारली, तारीख-वेळ लिहिली. आज सकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली. खालच्या घरी जाऊन पाहिलं तर छताला ट्रॅपच्या बरोबर खाली ओला ठिपका. गोलाईत एका बाजूला ब्रश पोचलाच नव्हता. पाणी काढून, सुकवून, तेवढा भाग पुन्हा केला. १,६०० रुपये वाढले, त्यात मोठा वाटा थांबलेल्या माणसांचा. पाणी साठवून पाहण्याचा आयटम संचात होता, दुसऱ्यांदा साठवण्याचा नव्हता. आता दोनदा धरला आहे. पहिल्याच फेरीत पास झालं तर तो दिवस फायद्यात.

१४ ऑक्टोबर

गिलावा. मिस्त्रींनी कोपऱ्यात ओळंबा सोडला. वर दोरी भिंतीला जवळजवळ टेकलेली, खाली बोटांची दोन पेरं आत जात होती. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावला तर कोपराही उघडा. टाइल सरळ बसवायची तर गिलावा कुठे १२, कुठे ३५ मिमी, सरासरी २४. एका हातात, म्हणजे एका थरात एवढा चढत नाही, सुटून पडतो, त्यामुळे दोन हातांत आणि मध्ये वाळायला वेळ.

“ताई, तुमच्या कागदावर भिंत सरळ आहे,” मिस्त्री म्हणाले.

माल १,२०० चा वाढला, गवंडी-हेल्पर जोडीची दीड हजेरी म्हणजे ३,०००. आता माप घ्यायला जाताना टेपबरोबर ओळंबाही नेते. जुन्या टाइलवरूनही भिंतीचा कल कळतो : वरच्या थराची आणि खालच्या थराची खोलीची रुंदी मोजायची, फरक दिसतोच. गिलाव्याच्या संचात जाडी आता हाताने भरायची चौकट आहे. रिकामी सोडली तर शीट २० मिमी धरते. जुन्या इमारतीत १२ मिमी गिलावा मला तरी अजून भेटलेला नाही.

१८ ऑक्टोबर

आज धनत्रयोदशी. काल रात्रीपर्यंत टाइल पूर्ण, १९ डब्यांत बसली, चार टाइल उरल्या. फिटर राजस्थानचे, आजच्या गाडीने गावी गेले. कमोड आणि नळ बसले, पाणी सुरू. दार अजून सुताराकडे, ते भाऊबीजेनंतर. तोवर पडदा. काकू म्हणाल्या, पाहुण्यांना सांगू, गाणं म्हणत आंघोळ करा.

गीझरचा पॉइंट महागात गेला. संचात वायरची लांबी सरासरी सहा मीटर होती. डीबी (घरातला विजेचा मुख्य बोर्ड) मुख्य दाराशी, बाथरूम दुसऱ्या टोकाला, प्रत्यक्ष चौदा मीटर आणि तेही ४ स्क्वेअर एमएमची वायर. पॅसेजच्या भिंतीत खाच, ती बुजवणं, वर रंगाचा ठिगळ. २,५०० वर. दिव्याच्या आणि पंख्याच्या पॉइंटला सरासरी चालते. गीझर, एसी, इंडक्शन यांचं अंतर डीबीपासून भिंतीच्या कडेने चालत मोजायचं, असं आता संचातच लिहून ठेवलं आहे.

३० ऑक्टोबर

दार लागलं, हिशेब बंद. अंदाज आणि प्रत्यक्ष :

तोडफोड ११,५०० — १७,३००
प्लंबिंग १९,००० — १९,७००
वॉटरप्रूफिंग व कोबा १६,८०० — १८,४००
गिलावा ७,४०० — ११,६००
टाइल २७,५०० — २७,१००
इलेक्ट्रिक ६,४०० — ८,९००
फिटिंग ५,५०० — ५,५००
दार-फ्रेम १४,००० — १३,६००
कुठल्याच संचात नसलेलं — ४,०००

शेवटच्या ओळीत २,२०० खाचा बुजवण्याचे. बाकी १,८०० दाराबाहेरच्या फरशीवर पुठ्ठा अंथरणं, जिना झाडणं-धुणं, शेवटची साफसफाई. ग्राहक हे गृहीतच धरतो आणि करून घेतो, त्यामुळे ‘क’ म्हणून संचात हवंच.

एकूण १,२६,१००, म्हणजे १८,००० वर. धरलेल्या २१,६२० मधून उरले ३,६२०. काकूंकडे वाढीव काही मागितलं नाही. भिंत वाकडी आहे आणि कोबा फूटभर आहे हे माप घेताना मला दिसू शकत होतं. उलट जिथे डबे आणि नग मोजायचे होते तिथे संच जवळजवळ रुपयाला रुपया बसले. जिथे भिंत किंवा जमीन फोडायची होती तिथे फसले.

८ नोव्हेंबर

ओट्याचा संच. वाटलं होतं सोपा असेल, सगळं रनिंग फुटांत. एल आकाराचा ओटा टाकून पाहिला, एक भुजा ८ फूट, दुसरी ६, खोली २ फूट. शीटने ग्रॅनाइट १४ रनिंग फूट धरला, म्हणजे २८ स्क्वेअर फूट. कोपऱ्यातला २ बाय २ चा चौकोन दोन्ही भुजांत मोजला गेला, खरं २४. बरं, सरळ १२ रनिंग फूट करावं तर मागच्या भिंतीवरच्या टाइलची पट्टी खरोखर १४ फूट आहे. एकच लांबी दोघांना चालत नाही. ग्रॅनाइट व खालचा कडप्पा, मागच्या टाइलची पट्टी आणि पुढच्या कडेची मोल्डिंग अशा तीन वेगळ्या लांबी ठेवल्या. मोल्डिंग तर १० फूटच भरते, कारण ती आतल्या बाजूने वळते.

आणि ग्रॅनाइटवाला बिल करतो स्लॅबचं, ओट्याचं नाही. तुकडा कितीचा उरतो ते स्लॅब पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे ओट्याचं कोटेशन तूर्त हातानेच देते, शीट शेजारी उघडी ठेवून.

शनिवार पेठेतून एका बाथरूमचं बोलावणं आहे, जुना वाडा पाडून बांधलेली इमारत. फोटोत सन्क दिसत नाही, पाइप आणि ट्रॅप खालच्या घराच्या छताला लटकलेले आहेत. म्हणजे ‘ख’ शून्य, कोब्याचा अर्धा संच बाद, आणि त्याऐवजी खालच्या बिऱ्हाडात घोडा (उभं राहायचा उंच स्टँड) लावून काम, त्यांच्या छताचा रंग आणि त्यांची परवानगी एवढं नव्याने लिहायला हवं. ओळंबा पिशवीत टाकला आहे.